असई : नदीच्या उतारावरचे गाव

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे खेडे वसले आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी येथे झालेल्या लढाईमुळे त्याचे नाव जगाच्या लष्करी इतिहासात कायमचे नोंदले गेले.

हा परिसर प्राचीन आहे. जवळचे भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातील भोगवर्धन. तेथील दानकर्त्यांचे उल्लेख सांची व भारहूतच्या शिलालेखांत आढळतात. पुढे हा मुलूख निजामाच्या अमलाखाली गेला. असई त्या काळी मातीच्या भिंतींचे आणि निवडुंगाच्या कुंपणाचे साधे गाव होते.

1803 मध्ये दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्याविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीने युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेऊन आर्थर वेलस्ली या भागात उतरला. मराठ्यांची छावणी केळणेपलीकडे होती आणि नदी ओलांडण्यास वाट नाही, असे वाटाड्यांचे म्हणणे होते. परंतु पिंपळगाव व वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असल्याचे वेलस्लीने पाहिले. शेजारच्या गावांची ये-जा असणारच, तेव्हा मध्ये उतारही असला पाहिजे, हा त्याचा तर्क खरा ठरला. खेड्यांच्या रोजच्या वहिवाटेने अशा रीतीने लढाईला वळण दिले.

शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होते. शत्रू बगलेवर येताच त्याने आपली फळी वळवली. तिचे डावे टोक असई गावाला भिडले होते. मराठी तोफखान्याचा मारा इतका अचूक होता, की गावाच्या दिशेने सरकलेली 74वी हायलँडर पलटण जवळजवळ नष्ट झाली. अखेर कंपनीचा जय झाला आणि 98 तोफा तिच्या हाती लागल्या. मात्र तिचे 428 सैनिक ठार व 1,138 जखमी झाले. मराठ्यांच्या हानीचे आकडे मात्र अंदाजाचेच आहेत. दोन्ही बाजूंनी लढणारे बहुसंख्य शिपाई हिंदीच होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढे डिसेंबरमध्ये भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याच सुमारास, 1803-04 मध्ये, दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. फौजांच्या धुमाळीने विस्कटलेल्या रयतेवर ही दुसरी आपत्ती होती.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. 1815 मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. तरीही आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, या प्रश्नाला त्याने ‘असई’ असेच उत्तर दिल्याचे सांगतात. ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवर हत्तीच्या चिन्हासह हे नाव झळकले.

गावाचे जीवन मात्र शेतीच्या चक्रानुसार चालत राहिले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. या पट्ट्यात खरिपात कापूस, सोयाबीन व मका, तर रब्बीत ज्वारी, गहू व हरभरा ही पिके घेतली जातात. भोकरदन तालुक्याची मिरचीही प्रसिद्ध आहे. आठवड्याचा बाजार, श्रावण अमावास्येचा पोळा आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांनी येथील वर्षाला लय येते.

पाणी हा येथील कायमचा प्रश्न. 2012-13 च्या अवर्षणात जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. ज्या केळणेच्या उताराने एका साम्राज्याला वाट दिली, तिच्या काठावरचा शेतकरी आजही पावसाची वाट पाहतो. असईचा इतिहास एका दिवसाच्या लढाईपुरता पाहणाऱ्यांनी ही दुसरी, दीर्घ लढाईही ध्यानात घ्यायला हवी.