ढगांआडून डोंगर पाहणारा ‘निसार’: उपग्रह स्वतःला कसा सांभाळतो?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोध थांबवला गेला. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नावच नव्हतं. एवढे उपग्रह वर फिरतात, मग डोंगर सरकताना कुणाला दिसला कसा नाही?

एक कारण साधं आहे. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांखालचं दिसत नाही, आणि जुलैत माथेरानपासून खोपोलीपर्यंत ढगच ढग. रडारला मात्र ढग आणि अंधार आडवे येत नाहीत. रडार उपग्रह तेव्हाही होते. युरोपचा सेंटिनल-१ हा २०१४ पासून फिरतो आहे, पण त्याची लहर साडेपाच सेंटीमीटरची, ती दाट झाडीत बरीचशी पानांवरूनच परतते. इस्रो आणि नासा यांचा ‘निसार’ ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला. त्याची एक लहर सुमारे २४ सेंटीमीटरची आहे. ती पानांतून बरीच खाली जमिनीपर्यंत पोहोचते.

निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. आधीची लहर आणि आताची लहर जुळवून पाहिली, की जमीन थोडीशी सरकली असेल तरी कळतं. पण अट एकच: दोन्ही वेळा उपग्रह जवळजवळ त्याच वाटेवर हवा. ७४७ किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळताना!

हे खालून बटणं दाबून जमत नाही. एक जमिनी केंद्र उपग्रहाला एका फेरीत जेमतेम काही मिनिटंच दिसतं. म्हणून असे उपग्रह बरंचसं काम स्वतःच करतात. तारे टिपणारा छोटा कॅमेरा आतल्या नकाशाशी आकाश ताडून पाहतो आणि तोंड कुठे आहे ते ठरवतो. कोकणातले जुने नाखवे ताऱ्यांवरून गलबत हाकायचे, तसंच काहीसं. आपण किती वळलो हे जायरोस्कोप सांगतो. वळायचं असेल तेव्हा आतली जड चाकं फिरतात, चाक एका दिशेला आणि उपग्रह उलट दिशेला. त्यात इंधन जळत नाही. कक्षा सुधारायला मात्र छोटी इंजिनं लागतात. मोठा बिघाड जाणवला तर उपग्रह बाकी कामं बंद करतो, सौरपट्ट्या सूर्याकडे वळवतो आणि खालच्या आदेशाची वाट बघत थांबतो.

आता खरी अडचण. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर तिरप्या रडारची सावली पडते, तिथलं काहीच दिसत नाही. उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण जातो, त्यामुळे त्याच दिशेने सरकणारी जमीन त्याला नीट कळत नाही. भिजलेली माती आणि वाढलेलं गवत यांनी दोन चित्रं जुळेनाशी होतात. वर्षभर हळूहळू सरकणारा उतार निसार पकडू शकेल, आणि यादीत कुठलं गाव घालायचं हे ठरवायला त्याची मदत मोठी आहे. पण इर्शाळवाडीत तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पावसात एका रात्रीत सुटणारी दरड दोन फेऱ्यांमधल्या १२ दिवसांत येऊन जाते. त्या रात्रीसाठी पर्जन्यमापक आणि वाडीत वेळेवर पोहोचणारा निरोपच लागतो.