फिल्मचं पाकीट

मी एक्स-रे टेक्निशियन. नोकरीची पहिली पंधरा वर्षं मुंबईतल्या एका इस्पितळाच्या डार्करूममध्ये गेली. लाल दिव्याखाली छातीची फिल्म आधी डेव्हलपरमध्ये, मग पाण्यात, मग फिक्सरमध्ये बुडवायची आणि क्लिपला टांगून वाळवायची. फिक्सरचा वास डब्यातल्या पोळीलाही यायचा. फुप्फुसातला पांढरा डाग डॉक्टरांच्या आधी आम्हाला दिसे, पण बोलायची सोय नव्हती.

पेशंट ते भलंमोठं पाकीट काखोटीला मारून रत्नागिरीहून रातराणीने येत. पावसात फिल्मा एकमेकींना चिकटत. एकदा जुनी फिल्म आमच्याच रेकॉर्डरूममध्ये हरवली. गाठ वाढली की नाही, ताडून बघायला काही उरलंच नाही. पुढे सीटी आला. १९९३ साली आलेल्या डायकॉम मानकामुळे एका कंपनीच्या यंत्रातलं चित्र दुसरीच्या संगणकावर उघडू लागलं, आणि पाकिटाची सीडी झाली.

तरी कॅन्सरच्या पेशंटचा पुढचा स्कॅन कधी, हे ठरवायचं कॅलेंडरच. फ्रान्समधल्या ल माँ शहरातले डॉ. फाब्रीस दनी यांनी हा शिरस्ता मोडला. फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट दर आठवड्याला घरूनच खोकला, धाप, भूक, वजन ऑनलाइन भरत. काही बिघडलं की डॉक्टरांना ईमेल जाई. त्यांच्या चाचणीच्या २०१९ च्या अंतिम निष्कर्षात यातले निम्मे पेशंट २२.५ महिन्यांपुढे जगले. नेहमीच्या तपासणीच्या गटात हाच आकडा १४.९. दोन्ही गट मिळून पेशंट अवघे १२१, हेही सांगायला हवं. पण ‘धाप लागते का?’ हे दर आठवड्याला कुणीतरी विचारत होतं, मला त्याचंच अप्रूप.

आमच्या डार्करूममध्ये आता सर्व्हर बसवलाय. लाल दिवा अजून कुणी काढलेला नाही.