१२७ ठिपक्यांचा षटकोन

पोर्ट-वाइन स्टेन हा जन्मतःच दिसणारा लाल-जांभळा डाग दर हजार बाळांमागे साधारण तिघांना असतो. तो तिळासारखा रंगद्रव्याचा नसतो. कातडीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि त्यांतले रक्त वरून दिसते. त्यावरच्या लेझर उपचाराचा इतिहास बहुधा प्रकाशाच्या रंगाचा म्हणून सांगितला जातो: आधी रुबी, मग आर्गॉन, मग डाय लेझर. ते खरे आहे, पण अपुरे. डागाने डॉक्टरांना खरे छळले ते वेळेच्या हिशेबात, आणि यंत्राचा हात या उपचारात आला तोही त्याच हिशेबामुळे.

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर पेटवला आणि १९६३ मध्येच सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमन यांनी माणसाच्या त्वचेवरचे त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. सत्तरच्या दशकात पोर्ट-वाइन स्टेनसाठी आर्गॉन लेझर रुळला. त्याचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन चांगला शोषते, म्हणजे रंगाची निवड वाईट नव्हती. मात्र हा झोत अखंड वाहणारा. पन्नास मायक्रॉनची रक्तवाहिनी आपली उष्णता साधारण एक मिलिसेकंदात भोवतालच्या कातडीला देऊन टाकते. त्यापेक्षा जास्त वेळ प्रकाश पडला की भाजते ती कातडी. मानवी हाताला मिलिसेकंद कळत नाही. त्यातून झोताच्या शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांची उष्णता एकत्र झाली की फुगीर व्रण उठे. म्हणून काही डॉक्टर ठिपके सोडून सोडून देत, काही पट्ट्यापट्ट्यांनी डाग भाजत आणि मधली जागा पुढच्या खेपेला घेत. या युक्त्या म्हणजे हाताने आपल्याच उणिवेला घातलेला बांध होता.

१९८८ मध्ये फ्रान्समधल्या लील येथील रोटेलर, मोरडों, ब्रुनेतो आदींच्या गटाने हा बांध यंत्रात बसवला. हेक्सास्कॅन नावाच्या त्यांच्या हॅण्डपीसला त्यांनी रोबोटाइज्ड म्हटले. हे नाव आज जरा भारी वाटेल, कारण यंत्राला ना हात होते ना डोळे. एक मिलिमीटरचे ठिपके ते षटकोनात मांडे, मोठ्यात मोठ्या षटकोनात १२७. खुबी क्रमात होती: एका ठिपक्यानंतर शेजारचा न घेता ते दूरचा घेई, त्यामुळे आधीच्या जागेला निवायला अवधी मिळे. गटाने व्रण घटल्याचे कळवले. यावर कोणी म्हणेल की श्रेय यंत्राला का, जपून काम करणाऱ्या डॉक्टरलाही हे जमलेच असते. एखाद्या छोट्या डागावर जमलेही असते. पण अर्ध्या गालाएवढ्या डागावर शेकडो ठिपके समान अंतराने, समान वेळ आणि ठरलेल्या उलटसुलट क्रमाने देणे हे कौशल्याच्या पलीकडचे, निव्वळ हमालीचे काम आहे. किती शक्ती वापरायची हे मात्र डॉक्टरच ठरवी.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्येच ‘सायन्स’मध्ये निवडक उष्णतेचे, म्हणजे भोवतालची कातडी वाचवून फक्त रक्तवाहिनी तापवण्याचे तत्त्व मांडले होते; त्यातून ५८५ नॅनोमीटरचा, ०.४५ मिलिसेकंदाचा स्पंदित डाय लेझर आला आणि १९८९ मध्ये मुलांवरचे त्याचे निकाल छापून आल्यावर आर्गॉन मागे पडला. मग हेक्सास्कॅन ही आडवाटच नव्हती का? उपकरण म्हणून, होय. पण डाय लेझरने केले काय, तर वेळेची शिस्त हॅण्डपीसमधून काढून स्पंदनातच घातली. जागेची शिस्त तशीच हाताकडे राहिली, आणि तिची उणीव उपचारानंतर दिसतेही: झोताच्या गोल ठशांमध्ये पुरेसे ओव्हरलॅप नसेल तर डाग उतरताना मध्ये लाल जाळी उरते. सावळ्या कातडीत तर तिचे रंगद्रव्य मेलॅनिनही हाच प्रकाश शोषते, त्यामुळे एकाच जागी दोनदा पडलेला ठसा तिथे अधिक महागात पडतो. पुढे फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझरमध्ये स्कॅनरने ठिपके मांडणे नेहमीचे झाले, ते काही योगायोगाने नव्हे.

उरते ते नजरेचे काम. आर्गॉनच्या काळात कातडी किंचित पांढुरकी पडली की डॉक्टर थांबत. डाय लेझरमध्ये जांभळट छटा उमटते, आणि ती गाल, पापणी, ओठ अशी जागोजागी निराळी असते. हेक्सास्कॅनचा षटकोन गालावर ठेवण्याआधीही शक्ती ठरायची ती एका छोट्या जागेवर चाचणी घेऊन, कातडीचा रंग बघून.