ओल्या हिमाची तारीख

तुम्ही टोरांटो किंवा शिकागोसारख्या शहरात राहत असाल, तर हिवाळा सरतानाचा हा अनुभव तुम्हाला असेलच. दारापुढचं हिम कालच्याइतकंच पांढरं दिसतं, पण फावडं घातलं की जड लागतं. आत पाणी सुटलेलं असतं. डोळ्याला कळत नाही ते फावड्याला कळतं. आर्क्टिक समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावरही हिमाचा असाच थर असतो. तिथे फावडं कोण चालवणार?

१९३७ पासून सोव्हिएत संशोधक त्या तरंगत्या बर्फावर तळ ठोकून नोंदी करत; पण एका तळाला कळणार ते भोवतालापुरतंच. कॅमेऱ्याला उन्हाळ्यात ढग आडवे येतात, हिवाळ्यात अंधार. ऑक्टोबर १९७८ मध्ये नासाने निम्बस-७ हा उपग्रह सोडला. त्यावरचा रेडिओमीटर पृष्ठभागातून आपोआप निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मोजायचा. या लहरी ढगांतूनही पार जातात आणि त्यांना उजेड लागत नाही. कोरड्या हिमाचे कण त्यांना विखरून टाकतात. हिमात थोडंसं पाणी सुटलं की विखुरणं कमी होतं आणि मोजमाप एकदम चढतं. ही उडी दिसते, तो वितळण्याचा पहिला दिवस.

या तारखेला एवढं मोल का? कोरडं हिम ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतं, उघडा समुद्र १० टक्केही नाही. मे-जूनमध्ये तर तिथे सूर्य मावळतच नाही. अशा वेळी ओल चार दिवस आधी आली, तरी समुद्रात मुरणारी उष्णता वाढते. २००९ साली थॉर्स्टन मार्कुस, ज्युलियेन स्ट्रोव्ह आणि जेफ्री मिलर यांनी १९७९ पासूनच्या नोंदी तपासल्या. तीस वर्षांत वितळण्याचा हंगाम सरासरी सुमारे २० दिवसांनी लांबला होता: वितळणं लवकर सुरू होत होतं, गोठणं त्याहून अधिक लांबत होतं.

पण तीस वर्षं एकच यंत्र टिकत नाही. निम्बसवरचा रेडिओमीटर ऑगस्ट १९८७ मध्ये थांबला. अमेरिकी लष्कराच्या हवामान उपग्रहावरचा नवा रेडिओमीटर त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी सुरू झाला होता. तेवढ्या काळात दोघांनी एकच बर्फ मोजला, म्हणून आकडे जुळवता आले. सगळा इतिहास त्या सहा आठवड्यांच्या सांध्यावर उभा आहे.

२०२५ मध्ये त्या लष्करी मालिकेची मोजमापं देणं बंद करण्याची घोषणा झाली, मग मुदत वाढवली गेली. जपानचा एक उपग्रह २०१२ पासून हेच काम करतो आहे, ही जमेची बाजू. तराजू बदलायला हरकत नाही. पण जुना उचलण्याआधी तोच माल नव्यावर तोलून पाहायला हवा. नाहीतर बर्फ लवकर वितळला की नुसतं यंत्र बदललं, हे सांगणार कोण?