अपुऱ्या दिवसांच्या बाळांची कावीळ आणि हितकर जिवाणू

कोलकाता : गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या दर १० बाळांपैकी सुमारे ८ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ होते. बहुतेकांची ती ओसरते. मात्र रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढल्यास ते मेंदूत शिरते आणि बहिरेपणा किंवा मेंदूचा पक्षाघात असे कायमचे अपंगत्व येऊ शकते. अशा बाळांना प्रोबायोटिक, म्हणजेच हितकर जिवाणू, दिल्याने लाभ होतो का, या प्रश्नाच्या संदर्भात कोलकात्यात झालेला एक अभ्यास महत्त्वाचा ठरतो.

या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या आणि दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या १८६ बाळांचा त्यात समावेश होता. काही बाळांना दुधाबरोबर बिफिडोबॅक्टेरियम व लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंचे मिश्रण देण्यात आले. आतड्याचा प्राणघातक दाह हे मिश्रण घेणाऱ्या सुमारे साडेपाच टक्के बाळांत, तर न घेणाऱ्या सुमारे १६ टक्के बाळांत आढळला. जिवाणू मिळालेली बाळे सरासरी १४ दिवसांत पूर्ण दूध पचवू लागली. इतरांना १९ दिवस लागले.

हा अभ्यास काविळीचा नव्हता. तरीही दूध लवकर पचू लागण्याचा काविळीशी निकटचा संबंध आहे. तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारे बिलिरुबिन यकृत पित्तावाटे आतड्यात सोडते आणि ते विष्ठेतून बाहेर पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत अपरिपक्व असते, दूध थोडे जाते आणि शौचाला कमी होते. त्यामुळे आतड्यात साचलेले बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते. हितकर जिवाणूंमुळे आतड्याची हालचाल सुधारते व हे पुनःशोषण घटते, असे मानले जाते. काही चाचण्यांत बिलिरुबिनची पातळी थोडी कमी झाल्याचे आणि प्रकाशोपचाराचे तास घटल्याचे आढळले. मात्र या चाचण्या बहुधा लहान होत्या व प्रत्येकीत वापरलेले जिवाणू वेगवेगळे होते. त्यामुळे काविळीवरील उपचार म्हणून प्रोबायोटिकला अद्याप मान्यता नाही.

काविळीवरील मुख्य उपचार निळ्या प्रकाशाचाच आहे. या प्रकाशामुळे त्वचेतील बिलिरुबिनचे रूप पालटते आणि ते शरीराबाहेर टाकणे सुलभ होते. इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९५८ मध्ये या उपचाराची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. पातळी धोकादायक झाल्यास बाळाचे रक्त बदलावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व मानवी दुधावर असलेल्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल, अशी सशर्त शिफारस केली. याउलट, २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना सावधगिरीचा इशारा दिला. प्रोबायोटिक दिलेल्या एका बाळाच्या रक्तात त्याच उत्पादनातील जिवाणूचा संसर्ग होऊन ते दगावले होते. अशा बाळांची प्रतिकारशक्ती अत्यंत दुर्बल असल्याने हितकर जिवाणूही क्वचित घातक ठरू शकतो.

म्हणूनच औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकची पुडी आणून ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घरी देऊ नये. हा निर्णय नवजात शिशुतज्ज्ञानेच घ्यावा. साखरपाणी पाजल्याने कावीळ उतरत नाही आणि कोवळे ऊन हा प्रकाशोपचाराला पर्याय नाही. आईचे दूध वेळेवर व पुरेसे मिळणे सर्वांत हितावह होय. जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ दिसली, तळहात व तळपाय पिवळे पडले, बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले किंवा कर्कश रडू लागले, तर त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. केवळ त्वचेच्या रंगावरून अंदाज न बांधता बिलिरुबिनची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.