होळकर संघाची झुंज

ताप्तीकाठच्या बुऱ्हाणपुराहून उत्तरेस नर्मदा ओलांडली की होळकरांचे इंदूर लागते. या संस्थानाच्या क्रिकेट संघाने मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळला. संघनायक होते कर्नल सी. के. नायडू.

मुंबईच्या ४६२ धावांना होळकरांनी ३६० धावांचे उत्तर दिले. त्यांत मुश्ताक अलींच्या १०९ होत्या. १०२ धावांची तूट भरून निघण्याजोगी होती. परंतु दुसऱ्या डावात विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या, मुंबईची संख्या ७६४ वर गेली आणि सामन्याचे पारडे फिरले. होळकरांना आता विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या!

एखाद्या संघाचे अवसान तेथेच गळाले असते. होळकरांचे गळाले नाही. मुश्ताक अलींनी १३९ धावा केल्या, तर लष्करी नोकरीनिमित्त महूच्या छावणीत आलेला इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. डाव ४९२ धावांत आटोपला.

पुढच्याच हंगामात होळकर संघाने बडोद्याला ५६ धावांनी नमवून करंडक जिंकला. मुंबईचा सामना ३७४ धावांनी गमावला खरा. परंतु त्या ४९२ धावा आठवल्या म्हणजे या विजयाचे नवल वाटत नाही.