नकलेचा श्रीकार

डॉ. कमल रणदिवे यांचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. १९१७ सालीं पुण्यास जन्मलेल्या ह्या विदुषीनें मुंबईस परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत उंदरांच्या स्तनकर्करोगाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हा रोग आईच्या दुधावाटे पिलांत उतरतो, हें अमेरिकेंत बिटनर यानें १९३६ सालीं दाखविलें होतें. तींच पिलें निरोगी दाईच्या अंगावर वाढविलीं कीं रोगाचें प्रमाण घटे. दुधांतील तो घटक म्हणजे एक विषाणु होय.

पेशीचा वंशलेख डीएनएमध्यें असतो, आणि त्यावरून कामापुरती उतरलेली प्रत म्हणजे आरएनए. ह्या जातीच्या विषाणूंपाशीं मात्र मूळ लेखच आरएनएचा. तरीही पेशींत शिरल्यावर ते तिच्या डीएनएमध्यें ठाण मांडून बसतात. तेव्हां आरएनएवरून डीएनए उतरत असलें पाहिजे, असें हॉवर्ड टेमिन यानें १९६४ सालीं सुचविलें. ही उलटी गंगा फार थोड्यांस पटली. १९७० सालीं टेमिन व मिझुतानी यांनीं, आणि स्वतंत्रपणें बाल्टिमोर यानें, ही नक्कल करणारें विकर विषाणूच्या पोटांतच दाखवून दिलें, तेव्हां वाद मिटला.

आमच्या मतें खरी मौज याच्या पुढेंच आहे. हा नकलनवीस लिहिलेली ओळ पुढें चालवूं शकतो. श्रीकार मात्र त्याला घालतां येत नाहीं! त्यासाठीं तो उसनवारी करतो. प्रथिनें रचतांना अमिनो आम्लें वाहून आणणारीं लहान आरएनए प्रत्येक पेशींत असतात. विषाणु जुनें घर सोडतांना त्यांतलेंच एक शिदोरीसारखें बांधून नेतो. त्याच्या शेपटाचीं अठरा अक्षरें विषाणूच्या लेखावरील जुळत्या जागीं बसतात, आणि त्या शेपटालाच डीएनएचें पहिलें अक्षर जोडलें जातें. गंमत अशी कीं, ही जागा लेखाच्या एका टोकाजवळ आहे, आणि लिहिण्याची दिशाही त्याच टोकाकडे. शंभर-दोनशे अक्षरांत कागद संपतो. मग ती तुटपुंजी नक्कल दुसऱ्या टोकास नेऊन लावावी लागते. तेथें तींच अक्षरें पुन्हां असल्यामुळें ती चपखल बसते व उरलेला लेख उतरूं लागतो.

कोणाकडून उसनें घ्यावें हेंही ठरलेलें. राऊस यानें १९११ सालीं वर्णिलेला कोंबड्यांचा विषाणु ट्रिप्टोफॅन वाहणारें आरएनए घेतो. उंदराच्या दुधांतला लायसीन वाहणारें. १९८३ सालीं पॅरिसमध्यें सांपडलेल्या एचआयव्हीनेंही हेंच दुसरें पत्करलें आहे. १९८७ सालीं मान्यता मिळालेलें झिडोव्ह्युडीन हें औषध अशा सुरू झालेल्या नकलेंत खोटें अक्षर घुसवून ती मध्येंच थांबवितें.